कुकर दुरुस्तीला टाकलाय

स्वस्थ बसणं मला जमत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. लग्नानंतर नवरा म्हणायला लागला, भिंगरी पायाला नाही, डोक्याला आहे. दोघांचंही खरं होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही कळव्याला नव्या इमारतीत राहायला आलो. मी तेव्हा तिशीची होते, पूल ओलांडून ठाण्याला एका सरकारी कचेरीत नोकरीला जायचे, आणि रविवार उजाडला की मला काही सुचायचं नाही. नवरा पेपर उघडून बसायचा, सासूबाई पोथी घेऊन, आणि मी स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर अशा येरझारा घालायचे.

एका रविवारी जिन्यातला दिवा गेला. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे, आमच्या सोसायटीचे अध्यक्षही तेच. त्यांनी स्टुलावर स्टूल ठेवलं, वर चढले आणि धाडकन खाली आले. हाड मोडलं नाही, पण महिनाभर कंबर शेकत होते. सगळे जमले तेव्हा मी विचारलं, "अहो, शिडी नाही का कुणाकडे?" बारा बिऱ्हाडांत एकाकडेही शिडी नव्हती. मिक्सर मात्र घरोघरी होता, आणि वर्षातून दोनदा लागणारं पुरणयंत्र तर जवळपास प्रत्येकीनं माळ्यावर टाकून ठेवलं होतं. मला त्या माणसाची कीव यायच्या ऐवजी सगळ्या इमारतीचा राग आला. एका भिंतीला भिंत लावून राहायचं, एकमेकांच्या फोडणीचा ठसका खायचा आणि वस्तू मात्र ज्याच्या त्याच्या कुलपात. हा कसला संसार?

आठवड्याभरात मी मीटरच्या खोलीत एक जुनं लोखंडी कपाट आणून उभं केलं. सुताराकडून शिडी करून घेतली. मग दारोदार फिरले. ज्याच्याकडे जे जास्तीचं असेल ते इथे ठेवा, ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की परत आणावं. दाराला पाटी, पाटीवर खडूनं नाव लिहायचं, की अमुक वस्तू अमुक घरी आहे. नवरा म्हणाला, "चार दिवसांचं वेड आहे." मी म्हटलं, "पाच दिवस टिकलं तर तू महिनाभर चहा करायचास." त्यानं तो महिनाभर केला, आणि पाणचट केला.

पहिली मोठी वस्तू आली ती तळमजल्यावरून.

ही इमारत जिच्या जागेवर उभी होती ती कोळीण तळमजल्यावरच राहायची. पूर्वी तिथं त्यांची मासळी सुकवायची मोकळी जागा होती. बिल्डरनं जागा घेतली, बदल्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या. नवरा अजून खाडीत होडी घालायचा आणि ती स्टेशनाजवळच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची. पन्नाशीची असेल. आवाज असा, की ती खाली बोलली की वर चौथ्या मजल्यावर कढी ढवळणारा हात थांबावा. सगळी इमारत तिला मावशी म्हणायची. पहिल्याच महिन्यात तिचं माझ्याशी कडाक्याचं वाजलं होतं, मी गॅलरी धुताना पाणी तिच्या वाळत घातलेल्या सुकटीवर पडलं म्हणून. संध्याकाळी तिनंच हाक मारून चहा पाजला. त्यानंतर मी तिच्या स्वयंपाकघरात कधी जाऊन बसायला लागले ते मला आठवत नाही. माझ्या सासरी मासे शिजत नाहीत. माहेरीही नाही. मी मासे खायला शिकले ते तिच्या चुलीपुढे, पाटावर बसून, आणि घरी येताना बडीशेप चघळत.

कपाटाचं तिला सांगितलं तेव्हा ती हसली. "यान नवीन कं हाय गो बाय? आमचे गावान लगीन निंगाला का घराघरातून तोप येतान." आणि आतून एक पितळी तोप ओढत घेऊन आली. चाळीस माणसांचा भात होईल एवढा. तिच्या सासूचा. "ठेव तुज्या कपाटान."

तोप कपाटात मावला नाही, तेव्हा तो कपाटाच्या डोक्यावर ठेवला.

मग मजा सुरू झाली. पहिल्यांदा पुरणयंत्र परत आलं ते दोन पुरणपोळ्या घेऊन. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, हे मलाही आईनं शिकवलेलंच होतं, शेजारणीची वाटी परत करताना निदान चिमूटभर साखर तरी घालायची. पण सगळ्यांच्या कपाटात ठेवायच्या वस्तूतही कुणी असं काही घालेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्या पोळ्या मी ज्या घरानं पुढे यंत्र नेलं त्यांना दिल्या. त्यांनी करंज्या ठेवल्या. सोऱ्याबरोबर चकल्या आल्या. शिडीच्या पायरीला कुणी नारळ बांधला, ताडपत्रीच्या घडीत कुणी पेरू ठेवले. मी हरखून गेले. माणसं वस्तू देत नव्हती, एकमेकांच्या घरात डोकावत होती. मी ब्रश आणि ऑइलपेंट आणला आणि कपाटाच्या दारावर ठळक अक्षरात लिहिलं: "येथील वस्तू रिकामी परत करू नये." मास्तरांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाले, "शुद्धलेखन उत्तम. कल्पनाही उत्तम." कपाटाची कीर्ती पार वर्तकनगरपर्यंत गेली. माझी चुलत जाऊ तिथे राहायची, ती खास बघायला आली.

दुसऱ्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून एक मोठा कुकर घेतला. पाहुणे आले की घरचे कुकर अपुरे पडत, म्हणून. त्याला सगळ्यात जास्त मागणी.

त्याच वर्षी मावशीची मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली. तिची ओटी भरायला सगळं कोळीवाड्यातलं गणगोत आलं, मावशीनं दोन दिवसांसाठी कुकर नेला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला जायच्या आधी घासूनपुसून कपाटात परत आणून ठेवला. रिकामा नाही. मी लिहिलंच होतं तसं.

तो संकष्टीचा दिवस होता. मास्तरांच्या घरी संध्याकाळी पाहुणे जेवायला येणार होते, म्हणून त्यांची पत्नी सकाळीच कुकर वर घेऊन गेली. तिनं झाकण उघडलं. आत केळीच्या पानात, मीठ-हळद लावून, जिताड्याच्या चार जाड तुकड्या होत्या.

जिताडं म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. खाडीतला हा मासा कोळ्यांच्यात जावयाला देतात, मोठ्या साहेबाला देतात, ज्याचा मान ठेवायचा त्याला देतात. आणि खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागल्यापासून तो वर्षातून कधीतरी जाळ्यात यायचा. मावशीनं ओटीभरणाच्या पाहुण्यांसाठी राखलेल्या जिताड्यातल्या मधल्या चार तुकड्या आमच्यासाठी काढून ठेवल्या होत्या. हे मला तेव्हाच कळलं. म्हणजे ज्या क्षणी मी केळीचं पान उलगडलं त्याच क्षणी.

कारण मास्तरांच्या बायकोची किंकाळी ऐकून मीच पहिली वर धावले होते. ती बिचारी ओट्यापासून चार हात लांब उभी होती, पदर नाकाला लावून, डोळ्यांत पाणी. सोवळ्यातलं स्वयंपाकघर, उपास, आणि हे. तिला मी दोष देत नाही. मी कुकर उचलला आणि खाली पळाले. जिन्यात दोन दारं उघडी, दोघीजणी बघतायत. त्या वेळी मी काय करायला हवं होतं? घरी न्यायला हव्या होत्या त्या तुकड्या. तळून खायला हव्या होत्या, सासूबाई नाक मुरडोत की घर सोडून जावोत. पण मला फक्त एवढंच सुचत होतं की हे आता कुणाच्या दृष्टीला पडता कामा नये. मी मागच्या बाजूनं कंपाउंडमध्ये गेले आणि केळीच्या पानासकट सगळं भिंतीपाशी टाकून दिलं. मांजरी बसलेल्याच होत्या.

मग मी कुकर राखेनं घासला, चिंचेनं घासला, लिंबानं घासला. हाताची सालं निघेपर्यंत घासला. घासताना मला कुणाचा राग येत होता ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या हॉलमध्ये बैठक भरली. सगळ्या घरांतून कुणी ना कुणी आलं. मावशीला बोलावलं नव्हतं, कारण विषयच तिचा होता. कुणी वेडंवाकडं बोललं असतं तर मी तिथल्या तिथं भांडले असते, त्या तयारीनंच गेले होते, पदर खोचून. पण तसं कुणी बोललंच नाही. सगळे इतके समजूतदारपणे बोलत होते की माझा राग कुठं टेकवावा तेच मला कळेना. "त्यांचा काही दोष नाही." "त्यांच्यात चालतं." "आपणही नियम नीट लिहिला नाही." मास्तर शेवटी म्हणाले, "हा प्रश्न भावनेचा नाही, सोयीचा आहे. कुकर आपण वरच्या मजल्यांपुरता ठेवू. मात्र त्यांना वाईट वाटता कामा नये. आपण सुशिक्षित माणसं आहोत." आणि माझ्याकडे वळले. "तुमचं त्यांच्याशी जमतं. तुम्हीच सांगा, जरा गोड शब्दांत."

मी म्हटलं, "हे बरोबर नाही."

"मग काय करावं म्हणता?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ताणून धरलं असतं तर चार घरं कपाटातून बाहेर पडली असती, मग आणखी चार, आणि माझं कपाट बसलं असतं. माझं कपाट. मी "बरं" म्हणाले. नवरा घरी आल्यावर म्हणाला, "तुला एवढं शांत मी पहिल्यांदाच बघितलं." त्याचं ते कौतुक मला फार लागलं.

मी खाली गेले तेव्हा मावशी दारातल्या ओट्यावर सूप घेऊन सुकटीतला कचरा निवडत होती. मी सगळं वाक्य पाठ करून गेले होते. मावशी, रागावू नकोस, वरचे लोक असे असे आहेत, मला पटत नाही, पण झालंय खरं. तोंड उघडणार तेवढ्यात तिनं मान वर न करता विचारलं, "जिताडा कसा लागला गो?"

"छान होतं, मावशी," मी म्हटलं. आणि एकदा जीभ घसरली की घसरतच जाते. "आणि बरं का, कुकरचं रबर गेलं गं. दुरुस्तीला टाकलाय."

तिचे हात थांबले. माझ्याकडे तिनं बघितलं. मग पुन्हा सूप हलवायला लागली. "बरा," ती म्हणाली.

मी सुटले असं वाटून जिना चढले. कुकर आमच्या घरी ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागे ठेवला. ज्याला लागेल तो संध्याकाळी गुपचूप घेऊन जायचा आणि गुपचूप आणून द्यायचा. पाटीवर नाव नाही. रिकामा.

त्यानंतरचे दोन महिने माझी जी तगमग झाली ती मला अजून सांगता येत नाही. मी कपाटाला नवा रंग दिला. आजाऱ्यांसाठी गरम पाण्याची पिशवी आणली, कुबड्या मिळवल्या, पुस्तकांचा एक खण केला. एका रविवारी खिळे आकाराप्रमाणे वेगळे करून डब्यांत भरत बसले. नवरा म्हणाला, "खिळ्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" स्टेशनला जाताना तळमजल्यावरून जावं लागायचं, तिथं मी घड्याळ बघत धावायला लागले, रोजच उशीर झाल्यासारखी. मावशीकडे बसणं बंद. ती दिसली की मीच आधी बोलायचे, भराभर, हवापाण्याचं, तिच्या मुलीच्या तब्येतीचं. तीही नीट उत्तर द्यायची. ओरडली नाही, टोमणा मारला नाही. एकदा माझ्या गॅलरीतलं पाणी पुन्हा तिच्या सुकटीवर पडलं, मी कान टवकारून उभी राहिले. खालून आवाज नाही. तिनं येऊन मुकाट्यानं टोपली दुसरीकडे ठेवली. मला हायसं वाटलं. अशी मी मूर्ख.

त्याच सुमारास सोसायटीची सत्यनारायणाची पूजा झाली. मसालेभात मावशीच्या सासूच्या तोपात शिजला. त्या तोपानं किती लग्नांतली कोळंबी पाहिली असेल! पण त्याला कल्हई केलेली होती, आणि तो दिसायला भारदस्त होता, आणि दुसरं एवढं मोठं भांडं कुणाकडे नव्हतं. कुणी काही म्हटलं नाही. मावशी प्रसाद घ्यायला आली, नमस्कार करून गेली. भात वाढताना मी मास्तरांकडे बघत होते. त्यांनी दोनदा मागून घेतला. तिथं मी ओरडायला हवं होतं. मी त्यांना लिंबाची फोड वाढली.

आणि कहर म्हणजे डोंबिवलीचं भाषण. माझी बहीण तिथं राहायची, तिच्या महिला मंडळानं मला बोलावलं, "शेजारधर्म आणि सामायिक वस्तू" अशा काहीतरी विषयावर. शाळेचा एक वर्ग, तीस-चाळीस बायका, फळ्यावर माझं नाव. मी शिडीचा किस्सा सांगितला, नारळाचा सांगितला, सगळ्या खळखळून हसल्या. पुरणपोळ्यांचा सांगितला तेव्हा एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. कॉलेजातली असावी. म्हणाली, "ताई, पण खाण्यापिण्याचं, जातीचं मध्ये येत नाही का?"

मी म्हटलं, "मुळीच नाही. एकदा माणसं जवळ आली की हे सगळं गळून पडतं."

टाळ्या पडल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. परत येताना मला गाडीत बसायला जागा मिळाली होती तरी मी कळव्यापर्यंत उभीच राहिले. आज इतक्या वर्षांनीही ती मुलगी कुठं भेटली तर तिला थांबवून खरं सांगावं असं वाटतं.

मावशीच्या मुलीला मुलगा झाला. बारशाच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मावशी आमंत्रण करायला वर आली. नवी नऊवारी, हातात खडीसाखर. ती जिन्यानं वर सहसा यायची नाही, गुडघे दुखायचे. माझी सुट्टी होती, घरी नणंदेची माणसं जेवायला येणार होती, आणि गॅसवर मोठा कुकर होता. दार उघडंच होतं. ती आत आली, "बाय" म्हणून हाक मारली, आणि बरोबर त्याच वेळी कुकरनं शिट्टी दिली. आपल्या घरच्या लहान कुकरसारखी नाही. लांब, जाड, अख्ख्या इमारतीला ओळखू येणारी.

मावशीनं स्वयंपाकघराकडे बघितलं. कुकर तिथून समोरच दिसत होता.

"रबर भेटला कं गो?" तिनं विचारलं.

"हो, कालच," मी म्हटलं. तोंडातून गेलंच. तोपर्यंत खोटं बोलायची इतकी सवय झाली होती की जिभेला विचारावं लागलं नाही.

तिनं माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. "पोराला बघाला ये. आन आमचा तोप तेवरा खाली पाठव. बारशाला लागल." मग एकेका पायरीवर पाय ठेवत, कठड्याला धरून खाली गेली. तोप तिचा भाचा येऊन घेऊन गेला. तो कपाटावर पुन्हा आला नाही. पुढे नव्वदनंतर सगळ्यांकडे सगळंच आलं, घोडबंदर रोडला मोठाली संकुलं उभी राहिली, आमच्यातली काही घरं तिकडे गेली, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत कपाट भंगारात गेलं. तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही. माझ्यापुरतं ते बारशाच्या दुसऱ्याच दिवशी संपलं होतं.

कारण त्या दिवशी मी तिच्याकडे गेले. बारशाला मी मुद्दामच गर्दीत गेले होते, बाळाच्या हातावर झबलं ठेवून मागच्या मागं परतले होते. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी कचेरीची साडी नेसून खाली उतरले, स्टेशनच्या दिशेला चार पावलं गेले आणि उलटी फिरले. मावशी एकटीच होती. मुलगी बाळाला घेऊन आत निजली होती. मी उंबऱ्यातच उभी राहून सगळं सांगून टाकलं. कुकर उघडला तेव्हाचं, बैठकीचं, ओट्याखाली लपवल्याचं, डोंबिवलीचं सुद्धा. रडलेही.

मी म्हटलं, "मावशी, ते जिताडं मी खाल्लं नाही गं. टाकून दिलं."

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी मांजरीनं एक तुकरी माज्या दारान आणून टाकली व्हती. हलद लावलेली."

म्हणजे मी पाठ केलेलं वाक्य घेऊन खाली गेले, तिनं जिताडं कसं लागलं म्हणून विचारलं, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तिनं मला खरं बोलायला जागा करून दिली होती. आणि मी तिला रबर गेल्याचं सांगितलं.

"तू तेव्हाच का नाही ओरडलीस माझ्यावर?" मी विचारलं. "शिव्या द्यायच्यास. वर येऊन तमाशा करायचास."

ती रागात नव्हती, तेच मला सहन होईना. "भांडान घरच्यांशी करतान, बाय," ती म्हणाली. "खोटा परक्यांशी बोलतान. तू खोटा बोललीस तवा मना समाजला, मी कोन ते."

"मी आता भांडते त्या सगळ्यांशी. आजच मीटिंग बोलावते. कुकर खाली आणून ठेवते, बघू कोण काय म्हणतं ते!"

"कनाला?" ती म्हणाली. "तुना त्यांच्यातच ऱ्हावाचा हाय. तुजी गारी जाईल, कामावर जा."

पण मी हलले नाही. तिनं काहीतरी करावं असं मला वाटत होतं, ओरडावं, हाकलून द्यावं, काहीही. मी आत गेले, नेहमीच्या पाटावर बसायला वाकले, तर तिनं घाईनं कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली, पदरानं पुसली आणि माझ्यासाठी ठेवली. मी खुर्चीवर बसले. त्या घरात तहान लागली की मी आपली उठून माठातलं पाणी घ्यायचे, ते काढायची डावल कुठं असते ते मला अंधारातही सापडलं असतं. त्या दिवशी ती स्वतः उठली. फळीवरचा स्टीलचा पेला काढला, तो पुन्हा धुतला, पाणी भरलं आणि ताटलीत ठेवून माझ्यापुढे धरला.

मी ते पाणी प्यायले. पेला ताटलीत ठेवला आणि "येते" म्हणाले. ती मला दारापर्यंत पोचवायला आली.